खोडरबराशिवाय काढलेली चित्रं

माझी चित्रकला चांगली आहे, असा माझा बरीच वर्षं समज होता. त्याला कारणही होतं. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा मी दिल्या होत्या आणि दोन्हींत ए ग्रेड मिळवली होती. पुढे पुण्यात कॉलेजला बॉटनी घेतलं, तेव्हा या ग्रेडचा खरा उपयोग झाला. प्रश्नपत्रिकेत 'सुबक आकृती काढून भागांना नावे द्या' असं आलं की मी खूश. पेन्सिलीला टोक, एका झटक्यात बाहेरची रेघ, सगळी नावं उजव्या बाजूला एकाखाली एक, बाण पट्टीने. मार्क कापायला तपासणाऱ्याला जागाच ठेवायची नाही. माझं प्रॅक्टिकलचं जर्नल वर्गभर फिरायचं आणि परत येताना त्यावर चहाचा डाग असायचा, याचं मला मनातून बरंच वाटायचं.

हे जर्नल प्रकरण थोडं सांगायला हवं. प्रॅक्टिकलच्या तासाला समोर मायक्रोस्कोप असायचा, पण त्यात बघून आकृती काढायची पद्धत नव्हती. त्यात दिसायचं ते धूसर, फाटकं, हवेचे बुडबुडे अडकलेलं काहीतरी. मॅडम येऊन डोळा लावायच्या, "हं, दिसतंय," म्हणायच्या आणि पुढच्या टेबलाकडे जायच्या. मग आम्ही आदल्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलातून आकृती उतरवून घ्यायचो. त्यांनीही ती अशीच कुणाकडून तरी उतरवलेली असायची. मक्याच्या खोडाचा आडवा छेद मी किती वेळा काढला असेल देव जाणे, पण मक्याचं खोड निरखून पाहिल्याचं मला आठवत नाही. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, शिकवणाऱ्यांनाही नाही.

हे सगळं शिक्षण बरोबर घेऊन मी नागोयाला आले.

जपानमधल्या मोठ्या भूकंपाला दोन वर्षं होत आली होती. ईशान्येकडच्या किनाऱ्यावर समुद्र आत शिरून भातखाचरं खारट झाली होती, आणि खाऱ्या जमिनीत तगणारा भात हा एरवी कुणी फारसा न विचारणारा विषय एकाएकी महत्त्वाचा ठरला होता. माझी पीएचडी भाताच्या मुळांवरची. नागोयातल्या एका युनिव्हर्सिटीच्या लॅबला तसं माणूस हवं होतं. करार दोन वर्षांचा होता, पुढे तो वाढवायचा की नाही ते एक कमिटी ठरवणार होती. नवरा मुंबईच्या एका बँकेत. त्याच सुमारास त्याला टोकियोचं पोस्टिंग मिळालं. यात योगायोग कमी आणि त्याची खटपट जास्त होती. तो टोकियोतल्या निशी-कसाईला, मी नागोयात, जमेल त्या शनिवारी शिंकानसेन ही बुलेट ट्रेन. एका देशात तरी आहोत, असं दोन्ही घरच्यांना सांगून आम्ही निघालो.

लॅबचे प्रमुख साठीच्या आसपासचे, किरकोळ अंगाचे, बोलणं अगदी बेताचं. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे सर, म्हणत, मीही म्हणू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला भूकंपात घालायला टेबलाखाली ठेवायचं हेल्मेट दिलं, पेन्सिली दिल्या आणि कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा दिला. दर सोमवारी सकाळी सगळ्यांची मीटिंग. तिथे स्लाइड्स दाखवायच्या नाहीत, प्रत्येकाने एक पोंची-ए आणायची. पोंची-ए म्हणजे कच्चं चित्र. इथे इंजिनिअर, संशोधक, अगदी सरकारी खात्यातली माणसंसुद्धा एखादी कल्पना मांडताना असं चित्र काढतात, सगळा मामला एका कागदावर. आमच्या लॅबमध्ये त्याचे नियम होते आणि ते सेन्सेईंनी त्यांच्या इंग्रजीत मला सावकाश सांगितले. चित्र हाताने काढायचं. शब्द अगदी मोजके. डोळ्यांनी पाहिलंय त्याला सलग रेघ, नुसतं असावं असं वाटतंय त्याला तुटक रेघ, माहीतच नाही तिथे कागद कोरा. मायक्रोस्कोपखाली जो छेद पहिला येईल तोच काढायचा. आणि खोडरबर चालणार नाही. चुकलं तर वरून एक आडवी रेघ मारून शेजारी नव्याने काढायचं, म्हणजे आधी काय वाटत होतं तेही दिसत राहतं.

चित्र काढायचंय ना, मग तर झालंच, असं मी मनात म्हटलं.

पहिल्या सोमवारी मी भाताच्या मुळाचा आडवा छेद नेला. बाहेरची भिंत, आतल्या हवेच्या पोकळ्या, मधला गाभा, सगळं प्रमाणात. नावं उजवीकडे. लॅबमधल्या पोरांनी "किरेई, किरेई", सुंदर, सुंदर, म्हणून कौतुक केलं. सेन्सेईंनी तो कागद चुंबकाने बोर्डावर लावला, जरा लांब जाऊन पाहिला आणि विचारलं, "हे कुठल्या कुंडीतलं मूळ?"

मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "आपल्याकडे दोन जाती आहेत. एक खाऱ्यात मरते, एक तगते. हे मूळ कुणाचं?"

कुणाचंच नव्हतं. ते भाताचं मूळ होतं, सगळ्या पुस्तकांत असतं तसं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, "फार सुंदर आहे," म्हणाले आणि पुढच्याकडे वळले. कागद मात्र बोर्डावरून काढला नाही. तो तसाच एका कोपऱ्यात राहिला. रोज येता-जाता मला तो दिसायचा आणि रोज माझं डोकं फिरायचं.

फोनवर नवऱ्याला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. बँकेतला माणूस, त्याचा आकड्यांवर विश्वास. "पण तू चित्र काढतेसच कशाला? फोटो काढ ना. एवढा महागाचा कॅमेरा लावलाय म्हणतेस त्या मायक्रोस्कोपला."

प्रश्न रास्त होता. मी तो सेन्सेईंना विचारला. ते म्हणाले, "काढा की फोटो. चित्र काढून झालं की काढा."

मग मी फोटोही काढले, शेकड्यांनी. माझा अंदाज साधा होता. तगणाऱ्या जातीच्या मुळाची बाहेरची भिंत जाड असणार, त्यामुळे मीठ आत शिरत नसणार, त्यामुळे रोप जगत असणार. त्या अंदाजाची मी एक पोंची-एही काढली. डावीकडे खारं पाणी, मध्ये भिंतीचं कडं, उजवीकडे हिरवंगार रोप, मधून दोन जाडजूड बाण. त्याखाली मरणाऱ्या जातीचं तसंच चित्र, पातळ कडं आणि सुकलेलं रोप. कुठेही दाखवायला हरकत नाही अशी. सेन्सेईंनी मरणाऱ्या जातीच्या चित्रातल्या पहिल्या बाणावर बोट ठेवलं.

"यातून काय जातं?"

"मीठ."

"कुठून?"

"भिंतीतून."

"भिंत तुम्ही सलग रेघेने काढली आहे. पूर्ण गोल. मग मीठ जायला जागा कुठे आहे?"

बाण मी काढला होता तो माझ्या वाक्यात 'त्यामुळे' होतं म्हणून. माझ्या पीएचडीच्या प्रबंधात असे 'त्यामुळे' पानोपानी आहेत. लिहिताना तो शब्द टाकला की आपण पलीकडे पोचतो, वाचणाराही आपल्या मागोमाग येतो, मधे काय होतं ते कुणी थांबून विचारत नाही. चित्रात तसं निभावत नाही. पलीकडे जायचं तर मधली जागा हातानेच काढावी लागते, आणि ती आपल्याला ठाऊक नसेल तर हात तिथल्या तिथे थांबतो. मला हे त्या दिवशी लख्ख कळलं, पण त्याचं समाधान वगैरे काही झालं नाही. चारचौघांत उघडं पडल्यासारखं वाटलं.

पुढचं वर्ष वाईट गेलं. भिंतीची जाडी मोजून मोजून डोळे शिणले आणि दोन जातींत फरक म्हणून सापडेना. दर सोमवारी मी नवी पोंची-ए न्यायची, तिच्यावर तुटक रेघा जास्त आणि सलग कमी. इतरांची चित्रं कच्ची, वेडीवाकडी असायची आणि त्यावरून चर्चा रंगायची. माझ्या चित्रांवर कुणी काही बोलायचं नाही. शनिवारी शिंकानसेनमध्ये बसून मी नवऱ्यासमोर लावायचा चेहरा तयार करायची. तो स्टेशनवर घ्यायला यायचा. निशी-कसाईच्या इंडियन दुकानातून आम्ही पोहे, डाळी घ्यायचो, आणि "काय म्हणतेय तुझी पोंची?" या त्याच्या प्रश्नाला मी "चाललंय" म्हणायची.

सगळे नियम मी पाळत होते, एक सोडून. पहिला येईल तो छेद काढायचा, हा नियम मला पोरांसाठी असावा असं वाटायचं. मूळ कापताना कितीतरी चकत्या खराब निघतात. फाटतात, वेड्यावाकड्या येतात, एखाद्या ठिकाणी मुळाला बाजूचं मूळ फुटत असलं तर चकतीचा आकारच बिघडतो. पुण्यात आम्ही अशा चकत्या चिमट्याने उचलून टाकून द्यायचो आणि छान गोल येईपर्यंत कापत राहायचो. 'गुड सेक्शन' घ्यायचं, हे अंगवळणी पडलेलं. नागोयातही मी तेच करत होते. बिघडलेल्या चकत्या एका बशीत जमा व्हायच्या, गोल गोल तेवढ्या मायक्रोस्कोपखाली जायच्या.

दुसऱ्या वर्षीच्या शरदात चकत्या कापायचं मशीन दुरुस्तीला गेलं. मग मी पुण्याच्या पद्धतीने गाजराचा तुकडा घेतला, त्यात मूळ खोचलं आणि ब्लेडने हातानेच कापायला बसले. सवय गेली होती. हाताशी मूळही एकच उरलेलं, मरणाऱ्या जातीचं. धड अशी एकच चकती निघाली आणि तीही नेमकी बाजूचं मूळ फुटलेल्या जागेची. सोमवार दुसऱ्या दिवशी. टाकून द्यायची सोय नव्हती.

मुळाला पाजलेल्या पाण्यात आम्ही एक चमकणारा रंग घालायचो, म्हणजे पाणी शिरेल तिथे तो हिरवा दिसतो. मी डोळा लावला आणि बाहेरची भिंत काढायला घेतली. वरून सुरुवात करून पेन्सिल उजवीकडून खाली आली. बाजूचं मूळ जिथून बाहेर पडत होतं तिथे आली आणि थांबली. तिथे भिंत नव्हती. फुटणाऱ्या मुळाने ती फाडली होती आणि त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना फट राहिली होती. त्या फटीतून हिरवा रंग थेट आत गाभ्यापर्यंत गेला होता. माझा हात मात्र पुढे सरकायला बघत होता, गोल पुरा करायला. इतक्या वर्षांची सवय. मी पेन्सिल कागदावरून उचलली.

बाजूचं मूळ आतून भिंत फोडून बाहेर येतं, हे आम्ही अकरावीत पाठ केलं होतं. मी त्यावर चार मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, आकृतीसह. फोडून येतं म्हणजे भोक पडत असणार, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. मी उठून फ्रिजमधली बिघडलेल्या चकत्यांची बशी काढली. सुदैवाने आठवड्याचा कचरा अजून गेला नव्हता. तगणाऱ्या जातीच्या खराब चकत्या शोधून एकेक काढत बसले. त्यांत बाजूच्या मुळाच्या बुडाशी भिंत चिकटून बसली होती, सदऱ्याची कॉलर गळ्याला बसते तशी. फट जवळजवळ नव्हतीच. हिरवा रंग बाहेरच अडला होता. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले. मग रागही आला. वर्षभर मी उत्तर कचऱ्यात टाकत होते, आणि तेही इथल्या शिस्तीप्रमाणे नीट वेगळं करून.

सोमवारी मी नेलेलं चित्र माझ्या आयुष्यातलं सर्वांत घाणेरडं चित्र होतं. फाटका गोल, आडव्या रेघांनी रद्द केलेली दोन कडी, एका बाजूला काहीच नाही. सेन्सेईंनी विचारलं, "कुठल्या कुंडीतलं?" मी कुंडी सांगितली. त्यांनी तो कागद बोर्डाच्या कोपऱ्यात, माझ्या त्या पहिल्या सुबक आकृतीच्या शेजारी लावला आणि दोन्हींकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग पहिली आकृती काढून माझ्या हातात दिली.

मुळाच्या फटीबद्दलची शंका दुसऱ्या कुणी कुणी आधी व्यक्त केली होती, हे मला नंतर वाचताना कळलं. आमच्या या जातीत ती कुणी पाहिली नव्हती. डिसेंबरात कमिटीकडे अर्ज गेला, तेव्हा त्याच्या मधोमध मी हेच चित्र घातलं, हाताने काढलेलं, एका कोपऱ्यात कोरी जागा ठेवून. फट कशी बुजते ते मला माहीत नव्हतं आणि मला तेच शोधायचं होतं. निकाल फेब्रुवारीत लागणार होता. इतकं काही हवंसं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

नव्या वर्षाच्या सुट्टीला मी निशी-कसाईला गेले. जपानमध्ये त्या दिवसांत सगळं शांत असतं. नवऱ्याने सकाळी पोहे केले आणि डिश समोर ठेवता ठेवता सांगितलं, "मार्चअखेर मुंबई. ऑफिसचं लेटर आलंय."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात. म्हटलं, भेटलो की सांगू." तो समोर बसला. "टायमिंग बघ ना, परफेक्ट आहे. तुझं कॉन्ट्रॅक्टही तेव्हाच संपतंय."

"मी पुढच्यासाठी अर्ज केलाय."

"अगं, केलायस. मिळालंय कुठे? आणि मिळालं तरी... मुंबईत आहेत की इन्स्टिट्यूट्स. पुण्यात आहेत. तुला काय, कुणीही घेईल."

यापुढे दोन दिवस आम्ही बोलत राहिलो. आम्ही भांडणारी माणसं नाही, तीच खरी अडचण. त्याची वाक्यं समंजस होती, माझीही. आई-बाबांचं वय होतंय, त्यामुळे. घर रिकामं पडलंय, त्यामुळे. हे काम आत्ता कुठे हाती लागलंय, त्यामुळे. निकाल येऊ दे, मग बघू. वाक्याला वाक्य जोडलं जात होतं आणि प्रत्येक वेळी आम्ही अशा ठिकाणी पोचत होतो जिथे दोघांचंही बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तो पुन्हा म्हणाला, "म्हणजे बघ, एकूण विचार केला तर..." आणि मला ते ऐकवेना.

भिंतीवर त्याच्या बँकेचं सरलेल्या वर्षाचं कॅलेंडर अजून लटकत होतं. मी डिसेंबरचं पान फाडलं, उलटं करून टेबलावर पसरलं आणि बॅगेतल्या दोन पेन्सिली काढल्या.

"आता बोलायचं नाही," मी म्हटलं. "काढायचं. एप्रिलमधला एक दिवस. वरचा अर्धा तुझा, खालचा माझा."

"मला कुठे चित्र काढता येतं?"

"मला तरी कुठे येतं आता?"

नियम त्याला पाठ होते. दोन वर्षं फोनवर ऐकत आला होता, चेष्टाही करत आला होता. तो वाकला आणि काढू लागला. आधी उंच बिल्डिंग, मग तिला खिडकी, खिडकीत दोन माणसं, गोल डोकी आणि काड्यांचे हातपाय. कोपऱ्यात किरणांचा सूर्य. माझा नवरा मन लावून सूर्याची किरणं काढत होता ते बघून मला त्याच्याबद्दल फार माया वाटली, हे सांगायला हवं.

मी माझं काढलं. टेबल, मायक्रोस्कोप, त्यावर वाकलेली मी. मागे कुंड्या. टेबलाखाली हेल्मेट. हात भराभर चालत होता. मग तिथून नवऱ्याच्या बिल्डिंगकडे रेघ न्यायला लागले आणि पेन्सिल थांबली. इथून तिथवर काय जातं, ते मला माहीत नव्हतं. शिंकानसेन जाणार नव्हती. फोन जाईल, पण नुसत्या फोनवर घर चालतं का, हे आम्ही पाहिलं नव्हतं. मी ती जागा कोरी ठेवली आणि मला भीती वाटली. कमिटीने नाही म्हणावं आणि हा प्रश्नच मिटावा, असंही एक क्षण वाटून गेलं.

"झालं माझं," तो म्हणाला.

मी त्याच्या चित्राकडे पाहिलं. खिडकीतली दोन माणसं शेजारी शेजारी, अगदी सारखी. त्याच्या माणसाच्या हातात बॅग होती. मी दुसऱ्या माणसावर बोट ठेवलं.

"मी काय करतेय इथे?"

त्याने पाहिलं. तो प्रामाणिक माणूस आहे, आकडा चुकला की लपवत नाही.

"उभी आहेस," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "नुसती उभी आहेस गं."

चहा गार झाला होता. त्याने माझ्या अर्ध्या भागाकडे पाहिलं. वाकलेल्या मला, कुंड्यांना, हेल्मेटला आणि मधल्या कोऱ्या जागेला पाहून झालं आणि त्याने हात पुढे केला.

"खोडरबर दे."

"आमच्याकडे खोडरबर चालत नाही."

"हो, विसरलोच." त्याने पेन्सिल उचलली आणि खिडकीतल्या माझ्या अंगावरून एक आडवी रेघ मारली. ती मारताना त्याचा हात फार हलका होता. मग शेजारी त्याने दुसरी बिल्डिंग काढली, तशीच उंच, तिच्या खिडकीत एकच माणूस. सूर्य काढला नाही. त्या खिडकीतून त्याने एक रेघ सुरू केली आणि डिसेंबरच्या पानावरून खाली, माझ्या कोऱ्या जागेतून माझ्या टेबलापर्यंत आणली. बारीक बारीक तुकड्यांची, सगळी तुटक.

"तुटक आहे," मी म्हटलं.

"मग? पाहिलंय कुठे अजून?"

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याचंच वाईट वाटत होतं. त्याने दोन्ही कप उचलले, पुन्हा चहा ठेवला आणि गॅसपाशी माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, चहा उकळून बराच वेळ झाला तरी.

कमिटीने करार वाढवला. सेन्सेईंनी मला ते कॉरिडॉरमध्ये चालता चालता सांगितलं आणि फट कशी बुजते याची पोंची-ए सोमवारी आणा, असंही सांगितलं. मार्चअखेर नवरा गेला. सामान लावताना त्याने ते पान घडी घालून बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवलेलं मी पाहिलं. मागितलं नाही.

मी पहिल्यांदा मुंबईला गेले ते ऑगस्टच्या सुट्टीत. घरात शिरल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेलं डिसेंबरचं पान. आडवी रेघ मारलेली मी, सूर्य, दुसरी बिल्डिंग, सगळं होतं तसंच. फक्त तुटक रेघेतले वरचे दोन तुकडे निळ्या बॉलपेनने जोडलेले होते.

"हे काय?" मी विचारलं.

"मे महिन्यात मी आलो होतो ना नागोयाला," तो म्हणाला. "ते पाहिलेलं झालं." त्याने खिशातून बॉलपेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "आता तू आलीस. पुढचा तुकडा तुझा."

मी पेन घेतलं आणि जोडला. खाली अजून बरीच रेघ उरली होती.